रिफर्बिश्ड डेस्कटॉप: वर्षभर रोज सहा-सात तास वापरल्यानंतर

मी मुद्रितशोधनाचं काम घरून करते. प्रुफं पीडीएफमध्ये येतात, लेखकांचं मूळ लेखन वर्डच्या फाइलींमध्ये येतं, आणि दिवसाचे सहा-सात तास माझे डोळे पडद्यावरच्या काना-मात्रांवर असतात. गेल्या वर्षी जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि तिच्याबरोबर पडद्याची वायरही गेली. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो नाद सोडला. नवा घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते आणि काम थांबवणं शक्य नव्हतं. म्हणून कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, 'रिफर्बिश्ड', म्हणजे साफ-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला डेस्कटॉप घेतला. या वर्षभरात त्यावर साडेतीन हजारांहून जास्त पानं तपासून झाली, तेव्हा आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कार्यालयांना यंत्रं पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे त्या काळातले हे छोटे डेस्कटॉप आतून एकमेकांची भावंडं आहेत, आणि जुन्या मालात मिळेल ते घ्यावं लागतं. माझ्याकडे आला तो असा: जाड शब्दकोशाएवढा, आडवाही ठेवता येणारा कॅबिनेट, इंटेल कोअर आय५-६५००, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०.

प्रोसेसरचा आकडा वाचायची सवय लावून घ्या. दुकानदार 'आय५ आहे' एवढंच सांगतात, पण त्यावरून काहीच कळत नाही. ६५०० मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, म्हणजे २०१५ सालचा. चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही लागते. विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्यालयांनी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं घाऊक काढून टाकली त्यामागे हे एक मोठं कारण आहे. यंत्रात बिघाड नाही, फक्त अधिकृत यादीत नाव नाही. कमी पैशात घर चालवणाऱ्याला ही फार मोठी संधी आहे असं माझं ठाम मत आहे, पण तिच्याबरोबर आलेली अडचणही सोडवावी लागते. ती मी कशी सोडवली ते पुढे येतं.

पहिला आठवडा मात्र जीव मेटाकुटीला आला. बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा पडदा यायला २ मिनिटं ५० सेकंद. घड्याळ लावून मोजलंय. वर्ड उघडायला अर्धा मिनिट. तीनशे पानांची पीडीएफ सरकवताना मधली पानं पांढरी दिसायची आणि मग हळूहळू भरायची. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, 'प्रोसेसर जुना आहे, आय७ घ्यायला हवा होता.' मलाही ते पटायला लागलं होतं.

तेवढ्यात एकदा यंत्र अडकलेलं असतानाच टास्क मॅनेजर (यंत्राचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहिला. प्रोसेसरच्या रकान्यात ९ टक्के, रॅमच्या रकान्यात ६१ आणि डिस्कच्या रकान्यात लालबुंद १००. दहा मिनिटं बघत बसले, आकडे थोडेफार तसेच. ज्या प्रोसेसरला सगळे नावं ठेवत होते तो बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट पाहत होता!

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पैसे कुठे घालायचे हे आपोआप कळतं. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात, तेव्हा हवा असलेला भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चारेक मिलिसेकंद. डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. विखुरलेली एकेक बारीक फाइल वाचायची तर बारा-तेरा मिलिसेकंद गेलेच. सेकंदाला फार तर ऐंशीएक वाचनं. कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचल्या जातात. एसएसडी म्हणजे पेन ड्राइव्हसारखी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकतं. जाहिरातीत सेकंदाला ५५० मेगाबाइट असा वेग छापतात तो एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा. आपल्याला रोज जाणवणारा फरक त्या आकड्यात नाही, या बारीक वाचनांत आहे.

म्हणून साधी, सॅटा प्रकारची, अडीच इंची ५०० जीबीची एसएसडी मागवली. मदरबोर्डवर एम.२ ची खाच होती, तिथे याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी बसली असती. पण अक्षरांच्या कामात त्या दोघींतला फरक मला जाणवणार नव्हता, आणि सॅटाची एसएसडी उद्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या यंत्रात चालेल.

आता झाकण उघडलं तेव्हाची गोष्ट. विक्रेत्याने 'आतून पूर्ण स्वच्छ करून' असं लिहिलं होतं. बाहेरून पुसलेला होता, हे खरं. खटका दाबून झाकण मागे सरकवलं तर पंख्याच्या पात्यांमागे, धातूच्या पट्ट्यांवर धुळीचा राखाडी थर नमद्यासारखा बसलेला. चिमटीत धरून ओढला तर अख्खा तुकडा निघून आला, पट्ट्यांचे ठसे त्यावर उमटलेले. एवढ्या थरातून हवा जाणार कुठून? मला त्या विक्रेत्याचा राग आला तो धुळीपेक्षा त्या 'पूर्ण' या शब्दाचा. जे केलं नाही ते केलं म्हणून लिहू नये.

सफाई करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भरमसाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकतात. धूळ काढल्यावर प्रोसेसरवर बसवलेला कूलरही सोडवला. त्याआधी यंत्र पाच-दहा मिनिटं चालवून बंद केलं होतं, म्हणजे खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होते आणि किंचित पीळ दिला की कूलर सुटतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपल्या झालेली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराएवढी नवी पेस्ट मधोमध लावली. प्रोसेसर स्वतः जागेवरून हलवायचा नाही, त्याच्या खाली मदरबोर्डवर केसासारख्या पिना असतात आणि एक जरी वाकली तरी बोर्ड गेला समजा. या सगळ्याला दीड तास लागला. कामाच्या भरात तापमान ८८ अंशांपर्यंत जात होतं, ते ६४ वर आलं. पंख्याची घरघर तर थांबलीच. रात्री सगळे झोपल्यावर त्याच खोलीत मी काम करते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही कमाई वेगाइतकीच मोलाची.

त्याच वेळी मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बदलला. त्याचं मला आधीच कळायला हवं होतं. तीन-चार दिवस सकाळी यंत्र सुरू केलं की घड्याळ भलत्याच वर्षात गेलेलं असायचं आणि एकही वेबसाइट उघडायची नाही, 'तुमची जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा यायचा. मी राउटर तपासला, इंटरनेटवाल्यांना फोन केला. कारण साधं होतं. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. यंत्राची तारीख काही वर्षं मागे असली की त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. वीज बंद असताना तारीख जपायचं काम सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल करतो. तो हातघड्याळाच्या दुकानातही मिळतो. दहा वर्षं जुनं यंत्र घेतलंत तर पहिल्याच दिवशी बदलून टाका.

एक अडथळा अजून होता. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायची तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि तिथे जुन्या कार्यालयाने पासवर्ड ठेवलेला. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. शेवटी यंत्राच्या सेवा-पुस्तिकेत सापडलं की मदरबोर्डवर पासवर्डसाठी वेगळा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी आहे. वायर काढून, जंपर काढून, एकदा यंत्र चालू करून बंद केलं की पासवर्ड जातो. माझा गेला. लॅपटॉपमध्ये हे इतकं सोपं नसतं. म्हणून जुनं यंत्र घेताना, शक्य असेल तर पैसे देण्याआधी, बायोस उघडून दाखवा म्हणून सांगा.

एसएसडीवर विंडोज १० नव्याने टाकली. मदरबोर्ड तोच असल्यामुळे परवाना आपसूक ओळखला गेला. पुन्हा घड्याळ लावलं. २ मिनिटं ५० सेकंदांची झाली २१ सेकंदं. वर्ड तीन सेकंदांत. पीडीएफची पानं बोट फिरेल तशी सरकायला लागली. प्रोसेसर तोच, २०१५ चा. या एका वस्तूवर खर्च केलेला पैसा मला सगळ्यात जास्त लाभला, आणि तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये अजून हार्ड डिस्कवरून विंडोज चालत असेल तर बाकी काहीही घेण्याआधी हे करा.

रॅमचा निर्णय मी दोन महिने लांबवला, आणि ते बरं झालं. आधी पाहिलं की खरंच लागते का. माझं रोजचं चित्र असं: ब्राउझरमध्ये पंचवीसेक टॅब, त्यांत दोन-तीन शब्दकोश कायम उघडे, स्कॅन केलेलं जुनं पुस्तक एका खिडकीत, नवं प्रुफ दुसरीत, मागे वर्ड. दुपारपर्यंत रॅम भरायची आणि यंत्र डिस्कवर जागा उधार घ्यायला लागायचं. एसएसडी असल्यामुळे ते अडकत नव्हतं, पण एका खिडकीतून दुसरीत जाताना ठेच लागल्यासारखं व्हायचं. ८ जीबीची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला तशीच, २१३३ वेगाची डीडीआर४ सेकंडहँड पट्टी घेतली. एकूण १६ जीबी. दोन पट्ट्यांचा फायदा नुसता आकाराचा नाही. एका पट्टीतून सेकंदाला साधारण १७ गिगाबाइट माहितीची ये-जा होते, दोन जोडीने बसल्या की ३४. या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्याचं कामही याच रॅममधून चालतं, त्यामुळे हा वेग प्रोसेसर आणि पडदा दोघांनाही उपयोगी पडतो. पट्ट्या कोणत्या खाचांत बसवायच्या ते मदरबोर्डवर रंगांनी दाखवलेलं असतं. रॅम लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी चालवा, एकही चूक दिसली तर पट्टी परत करा. सदोष रॅम फाइली गुपचूप बिघडवते, आणि ते कळेपर्यंत महिना उलटलेला असतो.

तुमचं काम पत्रं, बिलं, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर ८ जीबीवर निभेल. १६ च्या पुढे जायची गरज मला अजून एकदाही भासलेली नाही.

मग तो ऑक्टोबर आला. विंडोज १० साठी सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत मिळत होती, पण वर्षाने पुन्हा तोच प्रश्न. अधिकृत नसलेल्या मार्गाने विंडोज ११ टाकतात हे मला माहीत आहे. ज्या यंत्रावर माझं पोट आहे तिथे 'पुढचं अपडेट येईल की नाही' ही टांगती तलवार मला नको होती. मी लिनक्स मिंट टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम.

त्याआधी चार दिवस पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, डिस्कला हात न लावता. हा भाग मला फार आवडला. घर बदलण्याआधी तिथे राहून बघण्याची मुभा कोण देतं? त्या चार दिवसांत मी ठरवून एकेक गोष्ट तपासली: प्रिंटर, स्कॅनर, आवाज, मराठी टंकन. प्रिंटर नेटवर्कवर आपोआप सापडला. ज्या जुन्या स्कॅनरला विंडोज १० वर ड्रायव्हर मिळत नव्हता तो इथे काहीही न करता चालू झाला, तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. मिंटची २२ वी मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे २०१५ चा प्रोसेसर चौदा वर्षं कामात राहू शकतो.

मराठीबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला विचारणारे बहुतेक जण तिथेच अडतात. भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण इन्स्क्रिप्ट कळफलक मिंटच्या सेटिंगमध्ये आहेच, फक्त निवडायचा. शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' येतो, म्हणजे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक नीट राखता येतो. मुद्रितशोधकाला यावर तडजोड करता येत नाही. युनिकोडमधल्या, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांतल्या फाइली लिबर ऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात, वर्डमध्ये केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणाही दिसतात आणि मी केलेल्या खुणा लेखकाला त्याच्या वर्डमध्ये दिसतात. पानांची मांडणी मात्र कधीकधी हलते, बहुतेक वेळा मूळ फाँट आपल्याकडे नसतो म्हणून. तो फाँट टाकला की जागेवर येते. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली जुनी फाइल आली तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो यंत्राचा दोष नाही, विंडोजवरही फाँट नसेल तर तसंच दिसतं. पीडीएफवर शेरे मारायला ऑक्युलर वापरते. पिवळा पट्टा, समासातली टीप, खोडलेली ओळ हे सगळं फाइलमध्येच जतन होतं.

पण इनडिझाइनसारखं सॉफ्टवेअर वापरून पानं लावायची असतील तर मिंटकडे वळू नका. ते लिनक्सवर चालत नाही, आणि पर्यायांवर दिवस काढणं पोटाच्या कामात परवडत नाही. माझ्याकडे तयार पीडीएफ येतात म्हणून माझं भागलं.

आता पडद्याबद्दल, कारण इथे मी चुकीच्या जागी पैसे वाचवले. कॅबिनेटबरोबर निळ्या टोकाची व्हीजीए केबल फुकट आली होती, तीच जुन्या मॉनिटरला जोडली. चित्र दिसत होतं, म्हणून विचार केला नाही. पंधरा दिवसांत डोळे चुरचुरायला लागले. मग एका प्रकाशकाकडून प्रुफ परत आलं: एका प्रकरणात पाच अनुस्वार सुटले होते. 'त्याना', 'मुलानी', असे. इतक्या वर्षांत एका प्रकरणात पाच कधी सुटले नव्हते. ते पान पडद्यावर पुन्हा उघडून नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं. अक्षरांच्या कडांना फिकट सावली होती, आणि रफार किंवा वेलांटीच्या शेजारचा अनुस्वाराचा ठिपका त्या सावलीत विरघळत होता. व्हीजीएमधून चित्र लहरींच्या रूपात जातं आणि मॉनिटर त्यांचे पुन्हा ठिपके करतो. त्यात जरा इकडेतिकडे झालं की एका ठिपक्याचा रंग शेजारच्यात सांडतो. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयमधून प्रत्येक ठिपक्याचा आकडाच जातो, सांडण्याचा प्रश्न येत नाही.

यंत्राला मागे दोन डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. मध्ये अ‍ॅडॉप्टर हवा. मी घाईने मागवलेला पहिला चालला नाही, कारण तो उलट्या दिशेचा होता, एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे. हे साधे अ‍ॅडॉप्टर एकाच दिशेने चालतात. घेताना 'यंत्राकडून डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय' हे शब्द वाचूनच घ्या. योग्य तो आल्यावर अनुस्वार टाचणीच्या टोकासारखा सुस्पष्ट दिसला. नंतर पैसे साठवून २४ इंची, १९२० × १०८० चा, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेतला. दोन पानं शेजारीशेजारी, डावीकडे मूळ, उजवीकडे प्रुफ. रेझोल्यूशन मॉनिटरच्या स्वतःच्या आकड्यावरच ठेवा. अक्षरं मोठी हवीत म्हणून रेझोल्यूशन कमी केलं तर पुन्हा कडा धूसर होतात. अक्षरं मोठी करायला वेगळं सेटिंग असतं. यंत्र पाच वर्षांनी बदलेल, मॉनिटर त्यानंतरच्या यंत्रालाही लागेल, म्हणून मी आता कोणालाही सांगताना एसएसडीनंतर लगेच मॉनिटरचं नाव घेते.

वायफाय या यंत्रात नाही, कार्यालयांत सगळं वायरवर चालायचं. मी यूएसबीचा वायफाय घेण्याऐवजी राउटरपासून भिंतीच्या कडेने केबल ओढून आणली. स्वस्त पडली आणि जोडणी तुटण्याचा विषयच संपला.

वीज किती खाते ते प्लगमध्ये बसणाऱ्या मापकाने पाहिलं. मॉनिटर सोडून, नुसतं चालू असताना २३ वॉटच्या आसपास, कामाच्या धबडग्यात ४० ते ५०.

ज्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये अशा गोष्टीही आहेत. मुलीला एक नवा गेम खेळायचा होता. तो सुरू झाला, पण खेळता येईना. ग्राफिक्स कार्ड लावावं म्हटलं तर या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचंच बसतं, आणि पॉवर सप्लाय लहान, त्यातून कार्डासाठी वेगळी जोडणी निघत नाही, म्हणजे खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्येच भागवावं लागतं. पॉवर सप्लाय बदलायचा तर तोही कंपनीच्या खास आकाराचा. गेम हाच हेतू असेल तर हा छोटा आकार घेऊ नका, त्याच मालिकेतला उंच टॉवर शोधा. तिच्या चित्रांसाठी क्रिता आणि शाळेच्या प्रोग्रॅमिंगसाठी पायथन मात्र मस्त चालतं. १०८० चे व्हिडिओ विनाअडथळा दिसतात. एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओ उलगडायची सोय प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये नाही, तो भार चार कोअरवर येतो आणि पंखा ऐकू येतो, एवढंच.

'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारी सॉफ्टवेअरं मी एकही टाकलेली नाहीत. रॅम मोकळी करतो म्हणणारी तर उलट काम वाढवतात: रॅममध्ये तयार ठेवलेलं ती बाहेर फेकतात आणि मग तेच पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणारी आठ-दहा सॉफ्टवेअरं बंद केली, हे दोन उपाय फुकटात होते आणि दोन्ही जाणवले.

जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते तीत तिचे चालू तास ३१ हजारांवर दिसले, म्हणजे रात्रंदिवस धरले तर साडेतीन वर्षं. खराब होऊन बदललेल्या सेक्टरचा (डिस्कवरच्या बारीक कप्प्यांचा) आकडा शून्य, संशयास्पद ठरून निकालाची वाट पाहणाऱ्यांचाही शून्य. यांतला एक जरी वाढलेला असता तर तिच्यावर विसंबले नसते. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या पेटीत बसवली. दर शनिवारी दिवसभराचं काम संपलं की सगळ्या फाइली तिच्यावर उतरवते आणि वायर काढून कपाटात ठेवते. एक प्रत ऑनलाइनही असते. हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, अडखळते. एसएसडी अनेकदा काही न सांगता जाते, तेव्हा दुसरी प्रत ठेवल्याशिवाय एसएसडीवर काम करू नका. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे सिस्टिम मागच्या स्थितीला नेण्यासाठी आहे. ते आपले दस्तऐवज जपत नाही, त्यासाठी बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. हा गैरसमज मी दोन जणींचा वेळेवर दूर केला, त्यांतल्या एकीच्या यंत्रात चार वर्षांची भाषांतरं होती.

यंत्र, एसएसडी, रॅमची पट्टी, सेल, पेस्ट, अ‍ॅडॉप्टर आणि केबल मिळून नव्या साध्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी खर्च आला. मॉनिटर धरला तरी लॅपटॉप महागच. मात्र माझे सफाईचे, शोधाशोधीचे, मिंट शिकण्याचे मिळून तीनेक दिवस गेले. झाकण उघडायचं धाडस नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्याला शेजारी बसवून करा, पण रिफर्बिश्ड यंत्र झाकण न उघडता वापरू नका. वापरलेल्या यंत्राची दहा वर्षं आत साठलेली असतात.

आठवी पिढी थोड्याच जास्त पैशांत मिळत असेल तर ती घ्या. तिच्या आय५ मध्ये चारऐवजी सहा कोअर असतात आणि विंडोज ११ चा मार्गही खुला राहतो. मी पुन्हा घेतला तर आठवीचाच घेईन. हातातला सहावीचा मात्र विकणार नाही. सध्या संध्याकाळी सातपर्यंत माझा आणि त्यानंतर मुलीचा, अशी दोन वेगळी खाती आहेत. पुढच्या महिन्यात कीबोर्ड घ्यायचाय. 'म' आणि 'ण' ज्या एका कळीवर आहेत ती दाबली की वर यायला वेळ लावते.